बिरूआण्णांची कोरडी वाट

"तुमच्या न्हाणीचं पाणी कुटं जातं?"

माझं नाव विचारायच्या आधी बिरूआण्णांनी मला हे विचारलं. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला आम्ही नवं घर घेतलं, त्या दिवशी मी सामान उतरवत होतो. कपाट अर्धं टेम्पोत होतं आणि अर्धं माझ्या छातीवर. अशा माणसाला शेजाऱ्यानं हात द्यावा, निदान बाजूला तरी व्हावं. आण्णा कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघत उभे होते.

"गटारात," मी कपाटाखालून म्हणालो.

"सगळ्यांचंच गटारात जातंय. फुडं?"

पुढं काय, हे मला माहीत नव्हतं. मोरीतून पाणी दिसेनासं झालं की आपला त्याचा संबंध संपला, अशा समजुतीत मी पन्नाशी गाठली होती. आण्णांनी घराभोवती एक चक्कर मारली, दोन ठिकाणी उकिडवं बसून जमिनीकडं तिरकं बघितलं आणि निकाल दिला. अंगणातलं पाणी सीना नदीला आणि मागच्या मोरीचं बोरी नदीला. दोन्हींच्या मधली उंच धार म्हणे आमच्या घरातूनच गेली होती.

"तुमचा हॉल एका खोऱ्यात आन् सैपाकघर दुसऱ्या खोऱ्यात," ते म्हणाले. "ह्या घरात एकमत व्हायचं न्हाय बगा." मग कुठं त्यांनी नाव विचारलं.

आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून घरातल्या कामांची वाटणी नदीवार झाली. सिलेंडर संपला तर तो बोरीचा, म्हणजे तिचा. पण सिलेंडर उचलून आणायचा रस्ता सीनेतून जातो, म्हणजे मी. आण्णांना यातलं काही सांगायची सोय नव्हती. ते म्हणायचे, "पाण्याला इचारा की."

बिराप्पा हे त्यांचं खरं नाव. होटगीला रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि मुकादम होऊन रिटायर झाले. सगळी नोकरी रुळाच्या कडेनं चालण्यात गेली. माणूस उंच, काटक, पायांत रेल्वेच्या वेळचे जाड बूट, आणि चाल अशी की बरोबरच्यानं मध्ये मध्ये पळावं. कुठलंही काम सुरू करताना "लाईन क्लियर" म्हणायची सवय गेली नव्हती. जेवायला बसताना लाईन क्लियर, दाढीला बसताना लाईन क्लियर. एकदा दवाखान्यात इंजेक्शन घेताना त्यांनी नर्सला तसं सांगितलं, तर तिनं घाबरून सुई बाजूला ठेवली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

आता त्यांच्या वेडाविषयी. आण्णांना एक वाट सापडली होती. सापडली म्हणजे ते ती शोधत होते, पण बोलताना सापडली असंच म्हणायचे. पावसाचं पाणी डोंगराच्या दोन्ही अंगांनी खाली पळतं आणि मधली उंच रांग कोरडी राहते. ओढे, नाले, नद्या सगळं त्या रांगेच्या खाली सुरू होतं. म्हणून रांगेच्या माथ्यामाथ्यानं चालत राहिलं, तर माणूस कितीही लांब जाऊ द्या, त्याला एकही वाहतं पाणी ओलांडावं लागत नाही. मध्ये पाणी आलंच तर समजायचं की आपली वाट चुकली. मग त्या पाण्याच्या उगमाला वरून वळसा घालायचा आणि परत माथ्यावर यायचं. आण्णांचे वडील मेंढरं घेऊन पावसाळ्यात असेच जायचे, कारण मेंढरू पाण्यात पाय घालत नाही. तर आमच्या कॉलनीपासून निघायचं, डाव्या हाताला सीनेचं खोरं, उजव्या हाताला बोरीचं, आणि असं करत तुळजापूरकडच्या घाटमाथ्यावर चढायचं. तिथून पुढं बालाघाटाची रांग, ती पार कुठल्या कुठं. याला ते कोरडी वाट म्हणायचे.

"पण आण्णा, सीना शेवटी भीमेलाच मिळते आणि बोरीपण भीमेलाच," मी एकदा म्हणालो. "मग एवढा भेदभाव कशाला?"

"मानसं बी शेवटी एकाच ठिकाणी जात्यात की. म्हणून काय घरं येगळी नसत्यात व्हय?"

मी कपाळाला हात लावला.

माझं सात रस्त्याजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. हे आण्णांना कळलं ती माझी साडेसाती. कुठून कुठून नकाशे आणायचे, मोठे करून मागायचे आणि चिकटपट्टीनं जोडायचे. जोडायला टेबल पुरेना म्हणून जमिनीवर. शेवटी असं झालं की आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेलं गिऱ्हाईक दारात अडकायचं, कारण पुढं तुळजापूरचा घाट पसरलेला असायचा. आण्णा गुडघ्यावर बसून ओरडायचे, "आवं पावनं, चप्पल काडा. बोरीत उबं हाय तुमी." एक बाई तर खरंच पदर सावरून दोन पावलं मागं सरकल्या.

गावात वागताना हीच तऱ्हा. भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती, मुलाकडचे वडील समोर बसलेले, आणि आण्णांनी विचारलं, "तुमच्या न्हाणीचं पाणी कुटं जातं?" त्या बिचाऱ्यांना वाटलं, मुलीकडचे घराची सोय तपासतायत. त्यांनी शोषखड्ड्यापासून नव्या टाइल्सपर्यंत सगळं सांगितलं आणि पुतण्याला पाठवून फोटोही मागवले. आण्णा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "त्ये बरं हाय, पर फुडं कुटं जातं?" लग्न जमलं. पण मुलाकडच्यांनी लग्नाआधी आणखी एक शोषखड्डा खणला, असं ऐकतो.

दर रविवारी आम्ही ती वाट थोडी थोडी चालून बघायचो. आम्ही म्हणजे आण्णा, मी आणि उस्मानचाचा. चाचांचं शिवणकामाचं दुकान माझ्या शेजारी. ते का यायचे ते मला अजून कळलेलं नाही. दर रविवारी म्हणायचे, "अगले हप्ते से मैं नक्को मियाँ," आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर. माझं म्हणाल तर माझा आणि चालण्याचा संबंध दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंतचा. पण घरी बसलो की सिलेंडरचा विषय निघायचा.

आण्णांची वाट नेहमी बरोबर यायची असं मुळीच नाही. एकदा धार धरून धरून आम्ही एका गोठ्यात शिरलो आणि बैलानं चाचांची टोपी खाल्ली. एकदा उन्हातान्हात सकाळभर चाललो आणि दुपारी समोर जी भिंत आली ती ओळखीची वाटली. बघतो तर माझ्याच घराची मागची भिंत. वरून सौ. कपडे वाळत घालत होती. "आलात का बोरीत?" तिनं विचारलं. आण्णा मात्र जराही वरमले नाहीत. "लाईन फिरली," म्हणाले, आणि माझ्या घरात येऊन दोन भाकरी खाऊन गेले.

एका रविवारी मी वैतागून विचारलं, "आण्णा, हे सगळं कशासाठी चाललंय? तुळजापूरला तासाभरात एसटी जाते."

आण्णा बुटाची नाडी बांधत होते. बांधता बांधता म्हणाले, "गोदीला अक्काकडं न्यायचं हाय."

गोदी म्हणजे त्यांच्या मंडळी, गोदावहिनी. नाव गोदावरी, आणि बाई पाण्याला भिणारी. हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर विनोदही व्हायचे, कारण सोलापुरात पाण्याला भ्यायचं म्हणजे पाणी दिसलं तर पाहिजे ना. आमच्याकडं नळाला पाणी चारपाच दिवसांनी येतं आणि आलं की लोक सणासारखे उठतात. पण वहिनींची भीती बादलीतल्या पाण्याची नव्हती, वाहत्या पाण्याची होती. बऱ्याच वर्षांपूर्वी माहेराहून येताना त्यांची एसटी पुराच्या पाण्यात फरशी पुलावर बंद पडली. दोर लावून सगळ्यांना काढलं. कुणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून वाहतं पाणी आडवं आलं की वहिनींचे पाय जागच्या जागी थांबायचे. आण्णांनी एकदा एसटीत बसवून बघितलं. पहिल्याच पुलाच्या अलीकडं त्यांनी घंटी वाजवून गाडी थांबवली, उतरल्या आणि सोलापूरकडं तोंड करून चालायला लागल्या. आण्णा पिशव्या घेऊन मागून. तेव्हापासून माहेर तुटलं.

माहेरात आता राहिली होती फक्त थोरली बहीण. अक्का. घाटमाथ्यावरच्या गावात एकटी राहायची. मग अक्कालाच सोलापूरला का आणत नाही, हे मी विचारलं.

"म्हस हाय तिची. दुसऱ्याच्या हाताला दूद देत न्हाय. अक्का म्हनती, म्हशीला सोडून मी सोताच्या तेराव्याला बी जायाची न्हाय." आण्णांनी नाडीला गाठ मारली. "गेली इतकी वरसं दोगी फोनवरच बोलत्यात. अक्काचं वय झालं. एकदा भेट व्हायला पायजे. कोरड्या पायानं नेतो म्हणून सबूद दिलाय मी गोदीला."

त्या दिवशी मी चालताना कुरकुर केली नाही. निदान पहिला तासभर तरी.

मुहूर्त ठरला वेळ अमावस्येचा. आमच्याकडं तिला येळवस म्हणतात. शेतात ज्वारी उभी असते, हरभरा असतो, कडब्याची खोप करून त्यात पूजा मांडतात आणि सगळा गाव रानात जेवायला जातो. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. माहेरवाशीण यायचा हा दिवस. आण्णांनी ठरवलं, येळवशीला गोदी अक्काच्या रानात जेवणार. आमची सौ. येणार नव्हती. तिनं चटण्यांच्या पुड्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "तुम्ही जावा. सीना-बोरी दोन्ही मी सांभाळते."

दोन दिवस आधी निघालो. पुढं आण्णा, त्यांच्या मागं नऊवारीचा काष्टा घट्ट मारून वहिनी, मग मी आणि शेवटी "घुटने गए मेरे" म्हणत उस्मानचाचा. मला वाटलं होतं वहिनींना सांभाळून न्यावं लागेल. पण त्या बाईनं घराबाहेर पाऊल टाकलं आणि तिला जणू पंख फुटले. दिसेल त्या बाईशी बोलत होत्या, हरभऱ्याचे डहाळे उपटत होत्या, आमच्या हातात कोंबत होत्या. दर थोड्या वेळानं आण्णा मागं वळून विचारायचे, "गोदे, बरं हाय न्हवं?" आणि वहिनी एकदम चेहरा पाडून म्हणायच्या, "व्हय. पाणी न्हाय न्हवं म्होरं?" "थेंब न्हाय," आण्णा छाती काढून सांगायचे. त्यांनी मान पुढं केली की वहिनी पुन्हा डहाळे सोलायला लागायच्या.

दुसऱ्या दिवशी धारेवर एक मांडव आला.

रविवारी येऊन बघितलं तेव्हा तिथं मोकळं माळरान होतं. आता लाल-पिवळं कापड, लाऊडस्पीकर, जेवणाच्या पंगती. म्हणजे बरोबर माथ्यावर कुणीतरी लग्न लावत होतं. मी म्हणालो, बाजूनं जाऊ. आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी रूळ उपटा म्हणालो होतो.

"डाव्या अंगाला पाण्याची वगळ हाय, उजव्या अंगाला बी वगळ हाय. लाईन मदनं हाय. लाईन क्लियर."

आणि आम्ही आचाऱ्यांच्या बाजूनं मांडवात शिरलो. आचाऱ्यांना वाटलं आम्ही नवरीकडचे. भांड्यांपाशी उभ्या माणसांना वाटलं नवऱ्याकडचे. आण्णा जमिनीच्या उताराकडं नजर ठेवून पंगतीच्या मधून सरळ निघाले, तर कुणीतरी खांदा दाबून त्यांना पाटावर बसवलं. मग आम्हालाही. बुंदी वाढली, भात वाढला, आमटी वाढली. चाचांनी मला हळूच विचारलं, "किसकी शादी है मियाँ?" मी म्हणालो, जेवा गुपचूप. जेवून उठलो, तर धार थेट नवरा-नवरीच्या स्टेजवरून जात होती. आण्णा चढले. आम्ही चढलो. फोटोवाल्यानं फोटो काढला. एका आजोबांनी मान म्हणून आम्हा तिघांना फेटे बांधले. उस्मानचाचांना गुलाबी आला आणि तो त्यांनी पुढं अक्काच्या गावापर्यंत उतरवला नाही.

बायकांनी तिकडं गोदावहिनींना घेरलं होतं. नाव घ्या, नाव घ्या. वहिनी लाजल्या, पदर तोंडाला लावला, आणि माईक हातात आल्यावर मात्र खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"सीनेच्या आन् बोरीच्या मदनं सरळ दोरी, बिराप्पांच्या मागं निगाली म्हातारपणी गोरी."

मांडव हसून आडवा झाला. आण्णा फेट्यात लाल झाले होते. स्टेजच्या पलीकडच्या पायऱ्या उतरून ते इतक्या वेगानं निघाले की आम्ही त्यांना पुढच्या वस्तीवरच गाठलं.

येळवशीच्या सकाळी आम्ही घाटमाथ्यावर पोचलो. खाली मागं सोलापूरच्या बाजूचं सगळं रान पसरलेलं, ठिकठिकाणी कडब्याच्या खोपी, धूर, माणसांच्या रांगा. अक्काचं गाव माथ्यावरच होतं. आण्णा एकदा पायाखालच्या कोरड्या मातीकडं बघत होते आणि एकदा वहिनींच्या पायांकडं. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि खरं सांगतो, मला स्वतःचाच अभिमान वाटला. मी, टपरीपर्यंत चालणारा माणूस, इथवर आलो होतो.

गावच्या पारावर लोकांनी आम्हाला थांबवलं. गुलाबी फेट्याचा मुसलमान म्हातारा, धुळीनं भरलेला धनगर आणि दमलेला झेरॉक्सवाला सोलापुरातून चालत आलेत म्हटल्यावर अख्खा पार गोळा झाला. आण्णांना विषयच पाहिजे होता. त्यांनी काडीनं मातीत सीना काढली, बोरी काढली, आणि समोरच्या सरपंचाला विचारलं, "तुमच्या न्हाणीचं पाणी कुटं जातं?" चाचा चहाला बसले. वहिनींना मात्र धीर नव्हता. "मी होते म्होरं," म्हणून त्या झपाझप निघाल्या. त्यांची पिशवी माझ्याकडं राहिली होती म्हणून मी मागून गेलो.

अक्काचं घर गावाच्या कडेला, रानातच. घराच्या समोरून एक पाट चालला होता. विहिरीवरची मोटर चालू होती आणि हरभऱ्याला पाणी सोडलं होतं. पाट रुंद नव्हता, दीड वीत असेल, पण भरून वाहत होता. पाण्याचा आवाज येत होता. इतकं चालून, इतकं जपून, आणि शेवटी अक्काच्या दारातच पाणी. मी ओरडणार होतो, "वहिनी, थांबा."

वहिनींनी चालता चालता एका हातानं लुगडं जरा उचललं, पाट ओलांडला आणि तशाच पुढं गेल्या. चाल मोडली नाही की खाली बघितलं नाही. दारात अक्का उभी होती, वाळलेली, पाठीत वाकलेली म्हातारी. दोघींनी एकमेकींचे गाल धरले आणि लहान पोरींसारख्या रडायला लागल्या.

मी पाटाच्या अलीकडं पिशवी धरून उभाच. जरा वेळानं वहिनींना मी दिसलो. पाट दिसला. पदरानं डोळे पुसत त्या पाटाच्या पलीकडच्या काठाशी आल्या.

"भावजी, बघितलं व्हय तुमी?"

"बघितलं."

"ह्यास्नी सांगू नगा."

वहिनी पाटाकडं बघत म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात शेजारनीची शेळी वढ्यात पडली. वरडत व्हती बिचारी. मी गुडघाभर पाण्यात उतरून तिला काडली. भाईर आल्यावर ध्येनात आलं, आपुन पाण्यात गेलतो."

"मग तेव्हाच सांगायचं की आण्णांना. तुम्ही एसटीनं आला असता."

"तुमी आमच्या शेजारी लई मागनं आला, भावजी." वहिनींचा आवाज खाली आला. "रिटायर झाल्यावर हे कसे झालते ते तुमाला म्हाईत न्हाय. सकाळी उटायचे, बूट घालायचे आन् दारातल्या पायरीवर बसायचे. कामावर जायाच्या येळंला. आन् जायाला तर कुटं न्हाय. ऊन डोक्यावर आलं तरी बूट पायातच. बोलायचं न्हाईत, जेवायचं न्हाईत. मला वाटलं, हा मानूस आता जातोय हातचा. मग एक दिस मी म्हणलं, मला अक्काकडं जायाचं हाय, पर मदी पाणी हाय. तवा हे पायरीवरनं उटलं."

मागून अक्का म्हणाली, "म्याच सांगितलं तिला, की येष्टीनं येऊ नगंस. त्याला आणू दे चालवत. यवडं केलंय त्यानं तुज्यापायी."

"आता तुमी सांगितलं, माजी भीती गेली," वहिनी म्हणाल्या, "तर हे पुन्ना बूट घालून पायरीवर बसत्याल."

"पण वहिनी, आता अक्काची भेट झाली. वाट संपली की."

वहिनी हसल्या. डोळे ओले होते तरी हसल्या. "संपती कुटली. माजी मावशी बार्शीकडं हाय. आत्या त्याच्या म्होरं हाय. मामेभाऊ पार तिकडं. सगळा बालाघाट माज्या पावन्यांनी भरलाय, भावजी. जमंल तवर चालवीन मी त्यास्नी."

तेवढ्यात पाराकडून बुटांचा आवाज आला. आण्णा येत होते, मागं गुलाबी फेटा. वहिनींनी एकदा माझ्याकडं बघितलं, लुगडं उचललं, आणि पाट ओलांडून परत माझ्या बाजूला आल्या. दगडावर बसल्या, हात छातीशी धरले. सासरी-माहेरी इतकं खोटं कुणी बसलं नसेल. अक्कानंही दारातून गळा काढला, "अगं बया, थांब गं गोदे तितंच, पाणी हाय मदी." अक्काला नाटक येत नव्हतं. पण आण्णांना बघायला सवड कुठं होती.

आण्णा पाटापाशी येऊन थबकले. तोंडाचा रंग उडाला. "अक्का," ते म्हणाले, "आजच पाणी सोडायचं व्हतं व्हय?"

"लाईट आजच आली, मी काय करू?"

चाचा काहीतरी बोलणार होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

आण्णांनी पाट धरून नजर वर नेली, विहिरीपर्यंत. विहिरीच्या वरच्या अंगाला बांध, मग बोरीबाभळी, मग कडब्याची गंजी, मग म्हशीचा गोठा आणि गोठ्याचं दार घरात. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. पाठ ताठ झाली.

"हाय की वाट," ते म्हणाले. त्यांनी वहिनींपुढं हात केला. "ऊट गोदे. पाण्याकडं बगू नगंस. माज्या टाचंकडं बग."

वहिनींनी तो हात दोन्ही हातांनी धरला आणि उठल्या. आण्णा पुढं, काटे बाजूला सारत, एक एक पाऊल सांगत. वहिनी मागं, मान खाली, नवऱ्याच्या टाचांवर नजर. अक्का भाकरतुकडा घेऊन म्हशीशेजारी जाऊन उभी राहिली, तिकडूनच ओवाळायला.

दार माझ्यापासून एका ढांगेवर होतं. चाचा तर पाट ओलांडून केव्हाच आत जाऊन टेकले. मी चपलेत शिरलेला खडा काढला आणि त्या दोघांच्या मागून बाभळीत शिरलो.